मातीचे गढ आणि त्यांच्याभोवतीचे पाणी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी कानाला ‘गढ’ हा शब्द ऐकू येताच ‘गड’ आठवतो. गड म्हटला की डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा, काळ्या पाषाणाचा तट, वळणदार महाद्वार आणि ढगांत शिरलेला बुरूज उभा राहतो. विदर्भातून भिलाईच्या कारखान्यात किंवा नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीवर नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांतील मुलांना भूगोलाच्या पहिल्याच धड्यात सांगितले जाते की, या प्रदेशाचे नाव छत्तीस गढांवरून पडले. मग एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, “ते छत्तीस गड कुठे आहेत?” डोंगर नाही, कडा नाही, तट दिसत नाही. अहिवाऱ्याहून कोणत्याही दिशेला निघाले तरी भाताची खाचरे, भाठा जमिनीचे उजाड पट्टे आणि जागोजागी तलाव. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्या तलावांतच दडलेले आहे.

छत्तीसगढचे बहुसंख्य मैदानी गढ मातीचे होते. गोलसर किंवा लंबगोल आकाराचा एक रुंद खंदक खणायचा, त्यातून निघालेली माती आतल्या बाजूला रचत जायची, म्हणजे एकाच कामातून तट आणि जलाशय दोन्ही तयार. दगड वाहून आणण्याचा प्रश्न नाही, पाथरवटांच्या टोळ्या पोसण्याचा खर्च नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गरचनेचा जो भाग आहे, त्यात हीच कृती सांगितली आहे: खंदकातून उपसलेल्या मातीचा वप्र घालावा, तो हत्ती आणि बैल यांच्या पायांखाली तुडवून घट्ट करावा, त्यावर काटेरी झुडपे लावावीत, खंदकात कमळे असावीत आणि मगरीही असाव्यात. मगरींचा उल्लेख वाचून विद्यार्थी हसतात. पण अकलतऱ्याजवळच्या कोटमी सोनार या गावच्या तळ्यात आजही मगरी आहेत आणि त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र केलेले आहे. कौटिल्य अगदीच कल्पनेत रमला नव्हता.

बिलासपूर जिल्ह्यातील मल्हार हे अशा गढांचे ठळक उदाहरण. सागर विद्यापीठाचे कृष्णदत्त वाजपेयी यांनी १९७५ ते १९७८ या काळात तेथे उत्खनन केले आणि गावाच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती असल्याचे दाखवून दिले. तेथील मातीच्या तटाचा उंचवटा आणि त्याला वेढणारा खंदक अजून ओळखता येतो. रतनपूरच्या किल्ल्याला दगडी दरवाजे आहेत, परंतु त्याच्याही भोवती खंदक आहे. रायपूरचा जुना किल्ला राजा भुवनेश्वर सिंह याने १४६० मध्ये बांधला असे गॅझेटियर सांगते. त्याच्या दक्षिणेला बूढा तालाब होता आणि तीच त्याची त्या बाजूची तटबंदी. आज तो किल्ला शोधूनही सापडत नाही. बूढा तालाब मात्र रायपूरच्या प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक आहे.

आणि दूर कशाला जावे? धमधा हे तर अहिवाऱ्याचे शेजारगाव. तेथील गोंड राजांच्या गढाची जागा, जुने प्रवेशद्वार, महामायेचे मंदिर आणि भोवतालचे पाणी हे सारे एका फेरीत पाहून होते. ‘छै आगर छै कोरी तरिया’ असे धमध्याविषयी म्हणतात. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव. हाच आकडा रतनपूर, मल्हार, खरौद, नवागढ अशा अनेक जुन्या गढांच्या गावांविषयीही सांगितला जातो, तेव्हा तो मोजणीतून आलेला नसून मोठेपणाचे माप असावा. ज्या गावाला गढ, त्या गावाला सहा कोरी आणि सहा तलाव! परंतु लोकस्मृतीने गढाचे मोठेपण बुरुजांच्या संख्येत किंवा तोफांच्या संख्येत न मोजता तलावांत मोजले, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

येथे थोडे सातासमुद्रापार जाणे उपयोगी ठरेल. इंग्लंडच्या ग्रामीण भागात, विशेषतः मध्य आणि पूर्व परगण्यांत, खंदकाने वेढलेल्या जुन्या वाड्यांच्या सुमारे ६००० जागा नोंदलेल्या आहेत. त्यांतील बहुतेक १२५० ते १३५० या शंभर वर्षांत तयार झाल्या. केंट परगण्यातील आयथम मोट हा चौदाव्या शतकातील वाडा अजून पाण्यात उभा आहे आणि लोक तिकीट काढून तो पाहतात. पण बहुतेक ठिकाणी वाडा केव्हाच नाहीसा झाला. कुरणाच्या मधोमध पाण्याची एक चौकट तेवढी उरली. गुरे तिथे पाणी पितात आणि आतल्या चौकोनी बेटावर गवत माजते.

इंग्लंडमधील अभ्यासकांनी पूर्वी या खंदकांचा अर्थ सरळ लावला होता: शत्रूपासून संरक्षण. नंतर प्रत्यक्ष मोजमापे झाली, उत्खनने झाली, आणि तो अर्थ लंगडा पडू लागला. कित्येक खंदक इतके अरुंद की धट्टाकट्टा माणूस फळी टाकून सहज पार होईल. काही खंदक तीनच बाजूंना, चौथी उघडी. शिवाय हे वाडे बड्या सरदारांचे नव्हेत. लहान जमीनदारांचे, मठांच्या शेतवाड्यांचे, क्वचित सधन शेतकऱ्यांचे. मग त्यांनी एवढी माती का उपसली? चिकण जमिनीत घराभोवतीचे पाणी निथळून जावे म्हणून, मासे पाळता यावेत म्हणून (उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असल्याने माशांना मोठी मागणी असे), चोरचिलट आणि भटकी जनावरे दूर राहावीत म्हणून, आग लागली तर पाणी हाताशी असावे म्हणून. आणि या सगळ्यांइतकेच महत्त्वाचे कारण म्हणजे प्रतिष्ठा. राजाला खंदक असतो, उमरावाला असतो, तेव्हा आपल्यालाही असावा! पाण्यात पडलेले घराचे प्रतिबिंब घर दुप्पट मोठे करून दाखवते, हे त्या काळच्या छोट्या जमीनदाराला चांगले कळत होते.

हे सारे खंदक चिकणमातीच्या प्रदेशात दाटीने आढळतात, कारण वाळूच्या किंवा खडीच्या जमिनीत पाणी टिकत नाही. आपल्याकडचा शेतकरी हे पुस्तकाशिवाय जाणतो. भाठा जमिनीत कोणी तलाव खणत नाही, कन्हारीत खणतो. दोन देशांत एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या माणसांनी सारखीच माती पाहून सारखाच निर्णय घेतला.

इंग्लंडच्या त्या छोट्या जमीनदाराचा भाऊबंद मराठी मुलखात शोधायचा, तर तो रायगडावर सापडणार नाही. तो गावच्या गढीत सापडेल. पाटलांची गढी, देशमुखांची गढी हे शब्द विदर्भ आणि मराठवाड्यातील घराघरांत आहेत. पांढरीच्या चिवट मातीची, पायथ्याशी पुरुषभर जाडीची भिंत. आत धान्याची पेवे, विहीर आणि देवघर. गावाची वस्ती ‘पांढरी’वर आणि शेती ‘काळी’त, ही आपली जुनी विभागणी, गढी ही पांढरीचीच उंच झालेली माती. त्याहून मागे गेले तर भंडारा जिल्ह्यातील पवनी आहे. एका बाजूला वैनगंगा आणि उरलेल्या बाजूंना मातीचा प्रचंड तट व खंदक, अशी तिची रचना. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले. नागपूर जिल्ह्यातील अडम येथेही प्राचीन नगराला असाच मातीचा तट आणि खंदक होता. म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यापासून शिवनाथ आणि महानदीच्या खोऱ्यापर्यंत, जिथे भात पिकतो, जिथे माती पाणी धरते, तिथे ही एकच बांधणी चालत आली. विदर्भातून अहिवाऱ्याला आलेल्या कुटुंबांना येथील गढ परके वाटण्याचे वास्तविक कारण नाही.

छत्तीसगढचे गढ केवळ बांधकाम नव्हते, ती राज्यकारभाराची एक पायरी होती. कलचुरी राजांच्या काळी शिवनाथ नदीच्या उत्तरेला १८ गढ रतनपूरच्या आणि दक्षिणेला १८ गढ रायपूरच्या शाखेकडे होते. दुर्ग आणि पाटण ही नावे त्या दक्षिणेकडील यादीत आहेत. तत्त्वतः एका गढाखाली ८४ गावे. बारा गावांचा एक गट, त्याला ‘बरहों’ म्हणत, असे सात गट मिळून एक गढ. गावाचा प्रमुख गौंटिया, बारा गावांचा दाऊ आणि गढाचा ठाकूर किंवा दिवाण. सी. यू. विल्स या अधिकाऱ्याने १९१९ मध्ये या व्यवस्थेवर एक सविस्तर निबंध लिहिला. चौऱ्याऐंशीचा आकडा प्रत्यक्षात कमीजास्त होत असे, तरी चौकट तीच. ‘गौंटिया’ आणि ‘दाऊ’ हे शब्द आजही दुर्गच्या बाजारात आदराने उच्चारले जातात. ते कोणत्या मातीच्या उंचवट्यावरून खाली आले आहेत, हे बोलणाऱ्याच्या मनात नसते इतकेच.

या कथेत पुढे मराठे येतात, आणि मराठी शाळेच्या स्मरणिकेत हा भाग घाईने उरकणे बरे दिसणार नाही. १७४१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसले यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर पूर्वेकडील स्वारीवर निघाले असता रतनपूरवर चालून आले. दुर्गचा जुना मातीचा किल्ला मराठ्यांनी आपल्या हालचालींचे ठाणे केल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे या जिल्ह्याला ज्याने नाव दिले, त्याच मातीच्या गढातून त्या गढांच्या राज्याचा शेवट सुरू झाला. रतनपूरचा राजा रघुनाथ सिंह वृद्ध होता, पुत्रशोकाने खचलेला होता. त्याने प्रतिकार असा केलाच नाही. वाड्याच्या काही भागावर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा एका राणीने तटावर तहाचे निशाण दाखवले आणि दरवाजे उघडले, असे वृत्तांत सांगतात. खंदकात पाणी होते. त्याचा काही उपयोग झाला नाही.

याउलट ८१ वर्षांपूर्वी, १६६० मध्ये, चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाची प्रचंड फौज जवळजवळ दोन महिने थोपवून धरली होती. चाकणही भुईकोट, त्यालाही खंदक. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच गड पडला. खंदक लढत नसतो, माणसे लढतात, एवढे साधे गणित या दोन प्रसंगांतून निघते. रतनपूरच्या प्रजेने आणि गढांच्या ठाकुरांनी राजासाठी का उठाव केला नाही, याचे उत्तर मात्र साधे नाही. शेजारच्या गढांना राजधानीविषयी किती आपलेपणा उरला होता, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा असा प्रश्न आहे.

१७५८ पासून बिंबाजी भोसले स्वतः रतनपुरात राहू लागले. रतनपूरच्या रामटेकरीवरील मंदिर त्यांचे आणि रायपूरच्या दूधाधारी मठाजवळ १७७५ मध्ये बांधलेले रामचंद्राचे मंदिरही त्यांचेच. दसऱ्याला सोने लुटण्याची चाल या प्रदेशात त्यांनी रुजवली असे मानतात. बिंबाजींनी गढांची जुनी घडी फारशी मोडली नाही. १७८७ मध्ये ते निवर्तले आणि कारभार नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांकडे गेला. १७९० मध्ये सुभेदार विठ्ठलराव दिनकर यांनी छत्तीस गढ बरखास्त करून त्यांच्या जागी २७ परगणे केले. परगण्यावर कमाविसदार, त्याच्या हाताखाली फडणवीस आणि इतर कारकून. हिशेब सुटसुटीत झाला. पण कमाविसदार पगारी आणि बदलीचा. तलावाचा गाळ काढण्यासाठी आठ-दहा गावांची माणसे बोलावण्याचा जो अधिकार आणि जी लाज गढाच्या ठाकुराला होती, ती त्याला कोठून असणार? तट ढासळला तरी वसुलीत फरक पडत नव्हता. गढ रिकामे झाले ते तोफांनी नव्हे, चोपड्यांनी. आणि त्या चोपड्या मोडी लिपीत होत्या. छत्तीसगढातील मराठी माणसाने मंदिरांचे श्रेय आवर्जून घ्यावे, पण त्याबरोबर ही नोंदही आपल्या खात्यावर ठेवावी, हे न्यायाचे होईल.

पाण्याची कथा तेथे संपली नाही. गढाचा राजा गेला तरी गाव होतेच. खंदक ‘तरिया’ झाला. तटाची ‘पार’ झाली. पारेवर पिंपळ आला, पिंपळाखाली देव आला. छत्तीसगढी गावांत नव्या तलावाचे लग्न लावण्याची रीत आहे. मध्यभागी लाकडी खांब रोवला जातो, आणि लग्न झालेल्या तलावाचे पाणीच धर्मकार्याला चालते. या रीतीची पाळेमुळे किती खोल असावीत, याचा एक पुरावा १९२१ च्या दुष्काळाने दिला. तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावचा हीराबांध तलाव आटला आणि गाळात एक लाकडी खांब सापडला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची. खांब बाहेर काढून उन्हात टाकला गेला; लाकूड सुकले, चिरफळले आणि अक्षरे झडू लागली. सुदैवाने गावातील एका पंडितांनी ती लिपी वाचता येत नसतानाही जशी दिसली तशी कागदावर उतरवून घेतली होती. पुढे तज्ज्ञ आले तेव्हा मूळ अक्षरांपैकी थोडीच उरली होती; बाकीचा पाठ त्या नकलेवरून लागला. नगररक्षक, सेनापती, भांडागारिक, हत्तींचा अधिकारी, घोड्यांचा अधिकारी अशी पदनामे त्यात आहेत. तो खांब रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. शाळेची सहल तिकडे गेली की विद्यार्थी मूर्तींच्या दालनात रेंगाळतात आणि या काळपट लाकडापुढून सरळ निघून जातात. त्यांना दोन मिनिटे तेथे थांबवावे. जे लाकूड अठरा शतके पाण्याने सांभाळले, ते माणसांच्या हाती आल्यावर काही दिवसांत नष्ट होऊ लागले. आणि ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हते, अशा माणसाच्या नेटक्या नकलेने ते वाचले. शुद्धलेखनाच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलांना सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट नाही.

इंग्लंडच्या खंदकांतही हाच अनुभव आला. चिखलात बुडालेली पुलांची लाकडे, चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे जसेच्या तसे निघाले. लाकडातील वर्षवलये मोजून पूल कोणत्या साली बांधला हे सांगता आले. तेथे अशा शेकडो जागांना कायद्याचे संरक्षण आहे, मग त्या जागेवर भिंतीचा एक दगडही शिल्लक नसो. आपल्याकडे संरक्षण मंदिराला मिळते, मूर्तीला मिळते. मातीच्या उंचवट्याला क्वचित. महसुली कागदावर तो कुठे पडीक जमीन असतो, कुठे आबादी, कुठे तलाव. मुरुमासाठी तट कापला जातो, खंदकाच्या उथळ भागात भात लावला जातो, आणि वस्तीलगतचा भाग कचऱ्याने भरून सपाट केला की तेथे दुकाने उभी राहतात. धमध्याच्या सहा कोरी आणि सहा तलावांतील पुष्कळसे असेच बुजले. यात कोणी एक दोषी नाही. ती जागा म्हणजे काय आहे, हेच कोणी कोणाला सांगितलेले नसते.

नंदिनीच्या खाणींनी अहिवाऱ्याच्या परिसरात नवे खड्डे दिले. भिलाईच्या झोतभट्ट्यांना चुनखडी पुरवण्यासाठी ते खणले गेले. त्या भट्ट्यांतील पहिली ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. काम संपलेल्या जुन्या खाणींत आता पाणी साठते आणि हिवाळ्यात पक्षी उतरतात. उद्या कोणी संशोधक आला आणि या पाण्याकडे पाहून येथे कोणता राजा राहत होता असे विचारू लागला, तर आश्चर्य वाटू नये. त्याला खाणकामगारांची नावे सांगता येतील इतक्या नोंदी तरी शाळेच्या दाखल्यांच्या रजिस्टरांत आहेत. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात.

धमध्याला जाणे अवघड नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाणी खाली गेलेले असताना जावे, म्हणजे काठाची खरी रेषा दिसते. मुलांना आधी दरवाजा दाखवू नये. त्यांना पारेवरून चालवत न्यावे आणि पाणी कोठे वळते ते कागदावर काढायला सांगावे. वळण पूर्ण झाले की आत काय होते, हे त्यांचे तेच सांगतील. पचरीवर बायका धुणे धूत असतील, मुले गरी टाकून बसलेली असतील. एखाद्या म्हाताऱ्या दाऊंना विचारावे की हा तरिया कोणी खणला. ते राजाचे नाव सांगतील, आणि मग त्यांच्या लहानपणी यात पाणी कुठपर्यंत असे, ते हात वर करून दाखवतील.